हर्णै ते मालगुंड, कॅरॅव्हानने एक दिवस : अंतर विचारू नका, तिथी विचारा

चौथा गिअर

गेल्या माघात, वद्य तृतीयेला, आम्ही पाच जणांनी हर्णैहून मालगुंडपर्यंतचा प्रवास भाड्याच्या कॅरॅव्हानने, म्हणजे आतच राहण्याची सोय असलेल्या गाडीने, केला. अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटरचे असेल. साध्या मोटारीने निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचतो. आम्हाला सकाळी साडेसहापासून संध्याकाळी सहा वाजेपर्यंत लागले आणि त्यातला बराच वेळ गाडी उभी होती. असा प्रवास करू इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो दिवस सविस्तर लिहितो आहे.

कॅरॅव्हान कशासाठी, हे आधी सांगितले पाहिजे, कारण कोकणात राहण्याची सोय आता गावोगावी आहे. आमच्याबरोबर माझी आई होती. तिचे वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे. किनाऱ्याच्या रस्त्यावर तिला बसता येईल असे स्वच्छ शौचालय मिळवणे हीच दर वेळी आमची मुख्य विवंचना असते; त्यापायी ती प्रवासात पाणी प्यायचेच टाळते. गाडीतच शौचालय असेल तर ती निर्धास्त राहील, एवढ्या एका कारणासाठी आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी चार दिवसांसाठी घेतली. लांबी सुमारे सात मीटर, टपावरचा एसी आणि सौर पॅनेल धरून उंची पावणेतीन मीटर, पिण्या-वापरण्याच्या पाण्याची टाकी एकशे वीस लिटरची आणि सांडपाण्याची वेगळी टाकी मागच्या बाजूला, खाली. ही शेवटची बाब लक्षात ठेवावी.

हर्णैच्या बाजारातून एवढे मोठे धूड बाहेर काढायचे तर उजाडण्याआधी निघावे, असा सल्ला आमच्या घरमालकांनी दिला होता आणि तो शंभर टक्के योग्य होता. मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे अशा वाटेने दाभोळ गाठायचे होते. डावीकडे चिऱ्याचा गडगा, उजवीकडे माडांच्या वाड्या आणि मधे एकच गाडी जाईल असा रस्ता, अशी स्थिती बराच वेळ असते. पहिला तासभर मी फांद्यांच्या भीतीने अक्षरशः आभाळाकडे पाहत गाडी चालवली. मग एक गोष्ट ध्यानात आली. ज्या रस्त्यावरून एसटी जाते, तिथल्या फांद्या एसटीच्या टपाने वर्षानुवर्षे घासून आधीच छाटल्यासारख्या झालेल्या असतात. त्यामुळे एसटीचा रस्ता सोडायचा नाही, हा नियम आम्ही त्या क्षणी केला आणि शेवटपर्यंत पाळला. मोबाइलमधला नकाशा दोन ठिकाणी जवळची वाट दाखवत होता. तिथे एसटीचा थांबा दिसला नाही म्हणून आम्ही वळलो नाही.

साडेआठच्या सुमारास दाभोळच्या धक्क्यावर पोहोचलो. वाशिष्ठीची खाडी इथे समुद्राला मिळते आणि पलीकडच्या धोपाव्याला फेरीबोट जाते. ही बोट नसेल तर चिपळूणला वळसा घालून यावे लागते, म्हणजे दिवस गेलाच म्हणून समजा. आपल्यापुढे आठ-दहा गाड्या होत्या. आईने गाडीतच चहा केला आणि मागच्या दुचाकीवरच्या जोडप्यालाही दिला. हेच ते दाभोळ, जे बहमनी आणि आदिलशाही काळात घोड्यांच्या आणि कापडाच्या व्यापाराने गजबजलेले होते आणि १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी ज्याची राखरांगोळी केली. धक्क्यावर उभे राहून पाहिले तर आज त्यातले काही दिसत नाही; मासळीच्या पाट्या, डिझेलचा वास आणि रांगेत उभे असलेले आपण.

आमची पाळी आली आणि मी चूक केली. धक्क्याचा उतार पाण्यात शिरतो आणि बोटीची फळी त्या उतारावर टेकते, त्यामुळे गाडी आधी खाली उतरते आणि लगेच वर चढते. मधे इंग्रजी व्हीसारखा खळगा तयार होतो. पुढची चाके फळीवर चढली की गाडीचे शेपूट खाली झुकते. साध्या मोटारीला याचे काही वाटत नाही, पण मागच्या चाकांच्या मागे ज्या गाडीचा दीड-पावणेदोन मीटर भाग लोंबतो, तिला वाटते. त्यातच उताराचा खालचा भाग नुकताच उघडा पडलेला, ओला आणि हिरव्या शेवाळाचा. बोटीवरचा माणूस सावकाश या, सावकाश या असे हाताने सांगत होता. मी सावकाश आलो, मागची चाके जागच्या जागी फिरू लागली, म्हणून मी किंचित जोर दिला. गाडी झटक्याने पुढे आली, स्प्रिंगा दबल्या आणि मागून खरवडल्याचा लांबलचक आवाज आला.

बोट सुटल्यावर आई खिडकीतून पाणी पाहत म्हणाली, "आज तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन. सव्वादोनाला भरती, म्हणजे साडेआठाला पुरी सुकती, पूर्ण ओहोटी. नेमका सुकतीला आलास. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तिचे माहेर देवगडकडचे. तिथे घरात घड्याळ असो वा नसो, तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढणे लहान मुलालाही येत असे. मी मात्र टोल, डिझेल आणि किलोमीटरचा हिशोब कागदावर मांडून आणला होता, आणि चंद्राचा हिशोब माझ्या गावीही नव्हता.

धोपाव्याला उतरून अंजनवेलच्या फाट्यापाशी खाली वाकून पाहिले. बंपरला ओरखडे होते, त्याचे विशेष नाही. पण सांडपाण्याच्या टाकीचा एल्बो, म्हणजे नळाचा वाकडा जोड, तडकला होता आणि थेंब थेंब पाणी गळत होते. गुहागरच्या एका गॅरेजवाल्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, वरून एमसील लावले आणि तासभर हात लावू नका असे बजावले. पैसे घेतले ऐंशी रुपये. तो तास आम्ही व्याडेश्वराच्या देवळात आणि नंतर सुरूच्या बनात काढला. गुहागरचा किनारा सलग सहा किलोमीटरचा आहे आणि सकाळी अकरा वाजता त्यावर आमच्याखेरीज मोजून चार माणसे होती.

पुढे पालशेतच्या बाजारात समोरून एसटी आली. चालकाने मला हातानेच मागे, अजून मागे, बास, असे सांगत एका पारापाशी नेऊन उभे केले आणि चार बोटांचे अंतर ठेवून स्वतः निघून गेला. दुपारचे जेवण वेळणेश्वरला गाडीत झाले. मग हेदवीची बामणघळ पाहिली. खडकातल्या अरुंद चिरेत भरतीचे पाणी कोंडून उसळते, ते पाहायचे तर भरतीलाच जावे लागते, आणि या वेळी योगायोगाने आम्ही बरोबर अडीचला तिथे होतो. माघातला समुद्र शांत असल्याने उसळी माणसाच्या कमरेएवढीच होती. आई खडकावर येऊ शकली नाही, पण आवाज तिला गाडीतून ऐकू आला.

पावणेचारला तवसाळच्या धक्क्यावर पोहोचलो. भरती होऊन तास उलटला होता, तरी पाणी भरपूर होते. शेवाळाचा पट्टा पाण्याखाली होता आणि फळी कोरड्या, खरखरीत सिमेंटवर टेकली होती. गाडी पहिल्या गिअरमध्ये, जोर न लावता, माणसाच्या चालीने आत गेली. तीच गाडी आणि तोच चालक. उतारही साधारण तसाच. शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरलो आणि सहाच्या सुमारास मालगुंडला एका घराच्या अंगणात गाडी लावली.

प्रश्न असतील तर जरूर विचारावेत.

---

सुकट बोंबील

उत्तम लिहिले आहे. दोन शंका आहेत. रात्री विजेची आणि पाण्याची सोय कशी केली? आणि एकशे वीस लिटर पाणी पाच जणांना पुरले का?

---

चौथा गिअर

पाण्याचा हिशोब पहिल्याच दिवशी चुकला. अंघोळी गाडीत करायच्या म्हटल्या तर एकशे वीस लिटर पाणी सकाळीच संपते. त्यामुळे अंघोळ मुक्कामाच्या घरी, आणि गाडीतले पाणी फक्त भांडी, हात आणि शौचालयासाठी, अशी विभागणी केली. त्या बेताने दिवसाला साठ-सत्तर लिटर लागले. विजेसाठी घरमालकांकडे सोळा अँपिअरचा सॉकेट आहे का, हे आधी फोनवर विचारून घ्यावे. पाच अँपिअरच्या सॉकेटवर बॅटरी भरते, एसी चालत नाही. माघात एसीची गरज पडली नाही, वैशाखात पडेल. घरमालकांनी गाडी लावण्याचे, पाण्याचे आणि विजेचे मिळून जे पैसे सांगितले ते खोलीच्या भाड्याच्या निम्म्याहून कमी होते. दोन वेळचे जेवण मात्र त्यांच्याकडेच घ्यावे, अशी त्यांची अपेक्षा होती आणि ती मला रास्त वाटली.

---

असगोलीकर

मी गुहागर तालुक्यातला आहे, म्हणून थोडे कडू लिहितो. आपला लेख वाचताना वेळणेश्वरच्या जेवणापाशी मी थांबलो. भांडी गाडीत घासली असणार. गळका एल्बो, सायकलची ट्यूब आणि एमसील, हे सगळे ठीक. पण ते साबणाचे पाणी शेवटी गेले कुठे?

हा प्रश्न आपल्या एकट्याला नाही. गेल्या दोन-तीन हंगामांत अशा गाड्या वाढल्या आहेत. त्यातल्या काही रात्री सुरूच्या बनात उभ्या राहतात आणि सकाळी निघताना टाकीची तोटी उघडून जातात. गाडीवाल्याला वाटते, वाळू आहे, जिरून जाईल. वाळूत जिरलेले पाणी आमच्या विहिरींच्या दिशेनेच जाते, कारण किनाऱ्यालगतच्या वाडीची विहीर फार तर पाच-सहा मीटर खोल असते. या पट्ट्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांवर टँकर येतो. तेव्हा उरलेसुरले पाणी आम्हाला जिवापाड जपावे लागते. पाहुण्याने यावे, आमचे काही म्हणणे नाही. फक्त आपले सांडपाणी आपल्याबरोबर न्यावे.

---

चौथा गिअर

आपला प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर मला शोभणारे नाही. एमसील पुरते वाळण्याआधी आम्ही निघालो. वेळणेश्वरला जेवण झाल्यावर गाडी हलवली, तेव्हा जिथे ती उभी होती तिथे हातभर लांबीचा ओला, फेसाळ पट्टा दिसला. मी त्यावर वाळू लोटली आणि पुढे गेलो. लेखात ते लिहिले नाही, हे मुद्दाम केले असे म्हणवत नाही, पण विसरलो असेही म्हणवत नाही.

उरलेली टाकी मालगुंडच्या घरमालकांना विचारून त्यांच्या शोषखड्ड्यात रिकामी केली. शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैल्याची काढता येणारी टाकी, त्यांच्याच संडासात ओतली. त्यातल्या रसायनाने सेप्टिक टाकीतले जिवाणू मरू शकतात, म्हणून घरमालक आधी साशंक होते. पुढच्या वेळी ते रसायन न वापरता नुसते पाणी वापरावे आणि रोज रिकामे करावे, असे ठरवले आहे. या किनाऱ्यावर कॅरॅव्हानचे सांडपाणी ओतण्यासाठी केलेली सोय मला त्या चार दिवसांत एकाही ठिकाणी दिसली नाही. गाड्या भाड्याने देणारे त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत.

---

कागदोपत्री

अवांतर वाटेल, पण घरची जुनी गाडी सुताराकडून कॅरॅव्हान करून घेण्याचा विचार ज्यांच्या मनात आला असेल त्यांच्यासाठी लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. आसने काढून पलंग, ओटा आणि टाक्या बसवणे हा असा फेरफार आहे. आरटीओची नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद अटळ समजावा. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले, त्यात गाड्यांबरोबर कॅरॅव्हान पार्कचाही विचार आहे. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेली जागा, अशीच त्या पार्कची कल्पना आहे. वर असगोलीकरांनी जे लिहिले त्याचे उत्तर तिथेच आहे, मात्र ते कागदावरून धक्क्यापर्यंत यायचे आहे.

---

दूरदेशी

मी गेली अकरा वर्षे उत्तर क्वीन्सलँडमध्ये राहतो. आमच्याकडचा किनाराही उष्ण कटिबंधातला. ऊस, केळी, पावसाळ्यात वादळे, आणि नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशमुळे समुद्रात जाळीबाहेर पोहायचे नाही. नदीच्या मुखाशी मगरींच्या सूचना असतात, त्यामुळे पाण्याच्या काठाशी गाडी लावून निजण्याचा मोह कोणालाच होत नाही. इथे कॅरॅव्हान म्हणजे मोटारीमागे ओढायची. चौथा गिअर यांनी वर्णन केलेल्या पालशेतच्या बाजारात तशी गाडी मागे घेण्याची नुसती कल्पना करून मला घाम फुटला.

केर्न्सच्या उत्तरेला डेनट्री नदीवर गाड्या नेणारी फेरीबोट आहे. ती तारेच्या दोराला धरून चालते. पलीकडे अलेक्झांड्रा रेंजचा रस्ता इतका अरुंद आणि वळणांचा आहे की मोठ्या कॅरॅव्हान नेऊ नका, असेच सगळे सांगतात. लोक त्या अलीकडच्या काठावर ठेवून नुसती मोटार घेऊन जातात. कोकणातही असे करता येईल का? मोठी गाडी गुहागरला ठेवायची आणि हेदवी, वेळणेश्वर रिक्षाने पाहायचे.

इथल्या सांडपाण्याविषयी सांगायचे तर गावोगावी ओतण्याची सार्वजनिक जागा असते आणि तिचे नाव रस्त्यावरच्या पाटीवर असते. सवय होण्यामागे माणसे शहाणी असणे हे कारण नाही. जागा आहे म्हणून सवय आहे.

---

चौथा गिअर

दूरदेशी, रिक्षाची सूचना तत्त्वतः पटते. पण आईला दर दोन तासांनी जे हवे ते रिक्षात नाही आणि त्यासाठीच तर गाडी घेतली होती. तरुण मंडळींनी जरूर तसे करावे.

---

वाळूवरची रेघ

एक विनंती. किनाऱ्यावर गाडी उतरवू नये, हे धाग्यात ठळकपणे यायला हवे. चाके रुततात आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो, हे झालेच. पण माघ-फाल्गुन म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचा काळ. वेळास आणि आंजर्ल्याला कासव महोत्सव होतो हे सर्वांना माहीत असते, गुहागरच्या किनाऱ्यावरही घरटी सापडतात हे फारसे माहीत नसते. मादी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, दीड-दोन फूट खोल खड्डा करून अंडी घालते आणि गाडीवाल्याला सपाट, घट्ट वाटणारी जागा नेमकी तीच असते. रात्री गाडीचे दिवे समुद्राच्या बाजूला रोखलेले असतील तर मादी अंडी न घालता परतते, आणि पिल्ले बाहेर पडत असतील तर ती पाण्याऐवजी उजेडाकडे चालू लागतात. बाहेरचा दिवा बंद आणि पडदे ओढलेले, एवढे पथ्य पाळणे अवघड नाही.

---

भांगभरती

मूळ लेखातला तिथीचा हिशोब नेमका आहे, परंतु त्यावर विसंबणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. माझे आजोबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, होते.

तिथीला पाऊणपट केल्यावर येते ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशोब लागतो. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी आणि सुकती मधोमध, म्हणजे सव्वासहा तासांनी. रोज ही वेळ पाऊण ते पाऊणपेक्षा थोडा अधिक तास पुढे सरकते, म्हणून तर पाऊणपट. बंदरागणिक आणि खाडीच्या आत किती शिरलो त्यानुसार अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते दरवर्षी निघतात, ते पाहावेत.

दुसरी गोष्ट अशी, की सगळ्या सुकत्या सारख्या नसतात. पुनवेच्या आणि अवसेच्या नंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तृतीयेला साडेआठ वाजता दाभोळच्या धक्क्यावर लांब शेपटीची गाडी घेऊन जाणे म्हणजे महिन्यातल्या सर्वांत वाईट मुहूर्तांपैकी एक निवडणे होते. आपल्या मातोश्रींना नमस्कार सांगावा.

---

सुकट बोंबील

आम्ही फाल्गुन वद्य नवमीला निघतो आहोत, गाडी जवळपास तेवढीच आहे. नऊ पाऊणे पावणेसात. म्हणजे सकाळी पावणेसातला भरती, दुपारी एकला सुकती, संध्याकाळी सव्वासातला पुन्हा भरती. नवमी असल्याने पाणी फार खाली जाणार नाही. दाभोळ सकाळी आठच्या आत ओलांडायचे आणि तवसाळला पाचनंतर जायचे, असे बसते का? मधले सगळे तास गुहागरला काढू.

---

भांगभरती

बसते. फक्त तवसाळची शेवटची बोट किती वाजता सुटते, हे आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करून विचारून घ्या.

---

असगोलीकर

आणि गुहागरला एवढे तास थांबणारच आहात, तर टाकी आमच्याकडे रिकामी करा. मागच्या परसात शोषखड्डा आहे, केळी लावलेल्या आहेत. भांड्यांना राख किंवा शिकेकाई वापरलीत तर केळी दुवा देतील. पत्ता संदेशातून कळवतो.